फाईलवरचं ‘नाना’

खिदिरपूरला बदली झाल्याचं कळवलं तेव्हा आमच्या आत्यानं फोनवर पहिलंच विचारलं, “म्हणजे कोपेश्वराचं का रे?” शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूर आणि कोलकात्यातलं खिदिरपूर यांच्यात एवढाच फरक, की तिथे हजार वर्षांची शांतता आहे आणि इथे दिवसरात्र कंटेनरच्या गाड्या. गोदी, डायमंड हार्बर रोड, आदिगंगेचा काळा नाला, त्यावरचा पूल, पुलापलीकडे हेस्टिंग्ज आणि मग मैदान. फोर्ट विल्यमचं नाव आता विजय दुर्ग झालंय आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाचं शिवाजी गेट. ज्या शहराने १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला, त्याच शहराच्या किल्ल्याला आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किल्ल्याचं नाव आहे. इथल्या आज्या अजून बर्गी येईल म्हणून नातवंडांना झोपवतात. मी बर्गींच्या मुलखातला आहे हे शेजारच्या बंगाली काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दुप्पट मिष्टी दही वाढलं.

पण आज लिहायचंय ते पेन्शनबद्दल, आणि त्यातही डोक्याच्या आजाराच्या पेन्शनबद्दल. या विषयावर माजी सैनिकांचे जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशावर येत नाहीत. आणि बहुतेक जण स्वतःसाठी विचारत नाहीत. “साहेब, माझ्या एका मित्राचं असं झालंय” असं म्हणतात. तो मित्र कोण, हे दोघांनाही माहीत असतं.

विषयाचा आणि या जागेचा संबंध थोडा जुना आहे. इथे खिदिरपूर हाऊस नावाची एक इमारत आहे. आधी ती कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याची कोठी होती, नंतर बंगाल फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांची शाळा झाली. ती चालवणारी संस्था १७८३ च्या सुमाराला सुरू झाली. कर्कपॅट्रिक नावाच्या एका अधिकाऱ्याची कल्पना होती : प्रत्येकाच्या पगारातून दरमहा थोडी कपात करायची आणि जो मरेल त्याच्या मुलांना त्यातून सांभाळायचं. आपल्या पगारपत्रकात आज ‘एजीआयएफ’ म्हणून जी कपात दिसते ना, तिची ही पणजी. (आपला आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड १९७६ चा.) या शाळेत मुली मोठ्या झाल्या की नृत्याचे कार्यक्रम व्हायचे आणि वधूसंशोधनाला तरुण अधिकारी यायचे, असं जुनी वर्णनं सांगतात. साध्या सोल्जरांच्या पोरांची सोय वेगळी होती.

आणि ज्या गोऱ्यांचं डोकं फिरलं त्यांची? त्यांच्यासाठी शेजारच्या भवानीपूरला बियर्डस्मोर नावाच्या माणसाने खासगी आश्रम काढला होता, आणि तिथून कंपनीच्या माणसांना जहाजात घालून लंडनला पेम्ब्रोक हाऊस नावाच्या वेड्यांच्या घरात पाठवलं जायचं. खर्च कंपनीचा. म्हणजे नोकरीत माणसाचं मन बिघडू शकतं आणि बिघडलं तर मालकाने काहीतरी केलं पाहिजे, एवढं दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनाही पटलेलं होतं. वाद होता तो कुणासाठी आणि किती, याचा. तो अजून चालू आहे.

अलीपूरचं कमांड हॉस्पिटल इथून हाकेच्या अंतरावर. सगळ्या पूर्व कमांडमधून पेशंट येतात, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी मराठी कानावर पडतं. पण माझ्याकडे जो माणूस आला तो हॉस्पिटलातून नाही, बडाबाजारातून आला.

खानापूर-आटपाडी-विट्याकडची गलाईवाली मंडळी तुम्हाला ठाऊक असतीलच. भारतात असं मोठं शहर नाही जिथे सोनं-चांदी आटवणारं सांगली जिल्ह्याचं दुकान नाही. कोलकात्यातही आहेत. त्यातल्या एका दुकानात आमच्या जुन्या कंपनीतला एक हवालदार त्याच्या दाजींकडे हिशेब सांभाळायला आला होता. २०२० मध्ये चोवीस वर्षं पुरी करून तो पेन्शनीला आला. मी इथे आहे हे त्याला पलटणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. एका रविवारी दारात उभा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाईल. पलटणीत असताना मी त्याला अरे-तुरे करायचो. आता ‘तुम्ही’ म्हणायला गेलो तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या सायेब, मला आजारी असल्यावानी वाटतंय.”

चहा झाला, पलटणीतल्या कुणाकुणाचं काय झालं ते झालं. मग पिशवीची गाठ सोडत त्याने विचारलं, “सायेब, डोक्याचं पेन्शन मिळतंय का वो?”

फाईलमध्ये रिलीज मेडिकल बोर्डाचे कागद होते. आजार : वारंवार येणारं नैराश्य. टक्केवारी : चाळीस, आयुष्यभरासाठी. आणि त्याखाली शेवटच्या रकान्यात मत : सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. इंग्रजीत या चार शब्दांची जी आद्याक्षरं होतात ती ‘नाना’. वकील, कारकून, माजी सैनिक सगळे तोच शब्द वापरतात. “साहेब, माझ्या फाईलवर नाना आलाय.” ज्याच्या घरी खरोखर एखादे नाना आहेत त्याला आधी गंमत वाटते, मग वाटत नाही. कारण मध्ये एक ‘ना’ बसला की चाळीस टक्क्यांचे शून्य रुपये होतात. कारण म्हणून एक ओळ होती : आजार प्रकृतीजन्य, सुरुवात पीस स्टेशनमध्ये, फील्डमधल्या सेवेशी संबंध नाही.

आता हिशेब सांगतो, कारण आपल्याकडे आकडा कुणी नीट सांगत नाही. शंभर टक्के अपंगत्व असेल तर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के एवढा डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो. चाळीस टक्के असेल तर त्या प्रमाणात, म्हणजे पगाराच्या बारा टक्के. पण टक्केवारी वरच्या पायरीवर नेण्याची पद्धत आहे : पन्नासच्या खालचं पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, त्यावरचं शंभर. आधी हे फक्त आजारपणामुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांना मिळायचं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राम अवतार खटल्यात ते मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केलं. पगार पन्नास हजार धरला तर महिन्याला साडेसात हजार. पुण्यात ही रक्कम पार्किंगला जाते. खानापूर तालुक्यात तेवढ्यात मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या खोलीचं भाडं आणि मेस निघते. त्याची मुलगी नर्सिंगलाच आहे.

पण त्यासाठी आधी ‘नाना’ पुसला गेला पाहिजे.

पुढचं मी जरा सविस्तर लिहितो. लष्करी डॉक्टरांसाठी पेन्शनबाबतची एक मार्गदर्शिका आहे. २००८ मध्ये सुधारलेल्या त्या पुस्तिकेत मानसिक आजारांवर स्वतंत्र परिच्छेद आहे आणि तो आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांनी वाचलेला नाही. त्यात दोन याद्या आहेत. पहिली यादी, आजार सेवेमुळेच झाला असं कधी मानायचं त्याची : लढाईच्या किंवा बंडखोरीविरोधी कारवाईच्या भागात असताना, अतिउंचावर, अगदी एकाकी चौकीवर, समुद्रात, जीवितहानी झालेल्या अपघातात, किंवा भूकंप-चक्रीवादळासारख्या आपत्तीत प्रेतांच्या सान्निध्यात काम करताना आजार उद्भवला तर. यावर कुणाचा फारसा वाद नाही.

दुसरी यादी, सेवेमुळे आजार बळावला असं कधी मानायचं त्याची. ती वाचताना मला प्रथमच वाटलं, की नियम लिहिणाऱ्या त्या माणसाने कधीतरी एखादी कंपनी सांभाळली असणार. सेवेच्या निकडीमुळे सुट्टी नाकारली गेली आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आजार उद्भवला, तर. आणि सुट्टी कशासाठी? एकुलता एक मुलगा असताना आई किंवा बाप वारला. बायको किंवा मूल वारलं. घरच्यांवर खून, बलात्कार, दरोड्यासारखा प्रसंग आला. फौजेत आहे म्हणून दहशतवाद्यांनी घरच्यांना धमकावलं. गावात पूर, भूकंप झाला. मुलाचं-मुलीचं लग्न, किंवा एकट्या भावाच्या बहिणीचं लग्न, त्यातही बाप नसेल तर. सरकारी पुस्तकात बहिणीच्या लग्नाला न जाता येणं हे आजार बळावण्याचं कारण म्हणून छापलेलं आहे. ज्याने सुट्टीचे अर्ज हातावेगळे केलेत त्याला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही.

हवालदाराचा बाप जानेवारी २०१३ मध्ये वारला. आम्ही तेव्हा उत्तर काश्मीरमध्ये होतो. चौकीचं नाव लिहीत नाही. खिंड डिसेंबरातच बंद झाली होती. निरोप आला तेव्हा हवामान असं, की हेलिकॉप्टर जखमींसाठीही तीन दिवस आलं नव्हतं. त्याने अर्ज लिहिला, मी शिफारस केली, वरून मंजूरही झाला. मंजूर सुट्टी खिशात घालून माणूस बर्फाकडे बघत बसला. दोन बहिणी आणि हा एकटा मुलगा. अग्नी चुलत्याच्या पोरानं दिला. तेराव्याला जाता आलं नाही. एप्रिलमध्ये रस्ता उघडला तेव्हा पहिल्या गाडीने त्याला खाली पाठवला.

फेब्रुवारीच्या शेवटाला त्याची झोप उडाली होती. रात्री दोनला उठून तो काडतुसं मोजायचा. मोजून झाली की परत मोजायचा. मार्चमध्ये मी त्याला रात्रीच्या पहाऱ्यावरून काढून लंगरच्या हिशेबावर लावला आणि नर्सिंग असिस्टंटला लक्ष ठेवायला सांगितलं. त्याने झोपेच्या तक्रारीची नोंद केली होती. डॉक्टर खाली, खिंडीच्या पलीकडे. खाली उतरल्यावर, सुट्टीहून आल्यावर तो बरा दिसत होता. कामाला वाघ होता. पुढे माझी बदली झाली.

तो मानसोपचार डॉक्टरांकडे गेला २०१७ मध्ये, शांत ठाण्यात, तेही बायकोने सुभेदार साहेबांना फोन केल्यावर. मधली चार वर्षं का गेला नाही, ते त्याच्याच शब्दांत : “डाक्टरकडं गेलो आसतो तर क्याटेगरी लागली आसती. क्याटेगरी लागली की परमोशन गेलं. परमोशन गेलं की पेन्शन कमी. आन् गावात कळलं आसतं तर पोरीचं लगीन कोन करणार? म्हनून दातावर दात ठिवून काढली चार वर्सं.”

त्याचा हिशेब अगदीच चूक नव्हता. ‘शेप’मधलं पहिलं अक्षर एस, म्हणजे मन. हात मोडला, गुडघा गेला, कान गेला तर त्या अक्षराखाली आकडा चढतो आणि मेसमध्ये लोक विचारपूस करतात. एसखाली आकडा चढला की लोक आवाज खाली करतात. डॉक्टरांकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसरला एएफएमएसएफ-१० नावाचा एक फॉर्म भरावा लागतो : माणूस वागतो कसा, पितो का, भांडतो का, कामात कसा आहे. जवानांना त्या फॉर्मचा नंबर पाठ असतो. ‘दस नंबर भर गया’ म्हणजे गेला कामातून. आमच्या गावाकडे ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, तसलंच.

पण त्याच्या हिशेबात एक खाच होती. ज्या कागदाला तो घाबरत होता, त्याच कागदाने त्याचं पेन्शन वाचवलं असतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये एकदा दाखवून घेतलं असतं तर आजाराची सुरुवात अतिउंचावरच्या चौकीत, बापाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, अशी नोंदली गेली असती. नोंदली गेली ती २०१७ मध्ये, पीस स्टेशनला. मन फील्डमध्ये बिघडतं आणि निवांत झाल्यावर बाहेर पडतं, हे कोणताही अनुभवी मानसोपचार डॉक्टर सांगेल. बंदोबस्त असतो तोवर माणूस उभा असतो. फॉर्मातल्या रकान्याला मात्र सुरुवातीची तारीख आणि जागा एवढंच कळतं.

मी वकील नाही, डॉक्टरही नाही. तरी कोर्टांनी काय म्हटलंय ते वाचून काढलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि नंतर आजार निघाला तर तो सेवेशी संबंधित नाही हे दाखवणं सरकारचं काम. तो १९८५ मध्ये भरती झालेला, फिट्स येतात म्हणून १९९४ मध्ये बाहेर काढलेला जवान होता. त्याच वर्षी वीरपाल सिंग खटल्यात, स्किझोफ्रेनिया म्हणून सत्तरच्या दशकात घरी पाठवलेल्या माणसासाठी, कोर्टाने बोर्डाच्या मतावर कारणं नसल्याबद्दल ताशेरे ओढले आणि पुन्हा तपासणी करायला लावली. छत्तीस वर्षांनी.

पण ग्रुपवर फिरणारे मेसेज इथेच थांबतात. पुढचं सांगत नाहीत. २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात त्याच सुप्रीम कोर्टाने उलटं म्हटलं : मानसिक आजार भरतीच्या साध्या तपासणीत कळतच नाहीत, तेव्हा ‘भरतीवेळी निरोगी होता’ एवढ्यावर पेन्शन आपोआप मिळणार नाही. म्हणजे बाकी आजारांना जो आधार मिळतो तोच मनाच्या आजाराला लंगडा पडतो. नंतर २०२५ मध्ये राजूमोन खटल्यात, तोही स्किझोफ्रेनियाचाच, कोर्टाने परत बजावलं, की बोर्डाने कारणं दिलीच पाहिजेत, नुसता शिक्का चालणार नाही. दोन्ही बाजूंनी निकाल आहेत. ज्याला वकील “शंभर टक्के मिळवून देतो” म्हणतो त्याने दुसरा वकील बघावा.

हवालदाराच्या बाजूने माझ्या मते दोन गोष्टी होत्या. एक, बोर्डाचं मत एका ओळीचं होतं आणि त्या ओळीत २०१३ चा उल्लेखच नव्हता. दुसरी, त्याला लागू असलेले २००८ चे नियम म्हणतात, की दावा करणाऱ्याकडून सहसा पुरावा मागू नये. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला तर मात्र पुराव्याचा भार त्याच्यावर येतो. म्हणून जे अजून “बघू नंतर” म्हणतायत त्यांनी आपली निवृत्तीची तारीख काढून बघावी. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांसाठी नियमच नवे आहेत. त्यात ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा नवा शब्द आला आहे आणि मित्राची जुनी ऑर्डर तुमच्या उपयोगाची नाही. आपली तारीख, आपला नियम.

त्याचं पहिलं अपील एका पानाच्या उत्तराने फेटाळलं गेलं होतं. त्या पानावरही बापाचा उल्लेख नव्हता, कारण अपिलात त्याने तो केलाच नव्हता. अपील लिहून देणाऱ्याने पंधराशे रुपये घेऊन ‘देशसेवा’, ‘रक्त’, ‘सीमा’ असे शब्द दोन पानं भरून लिहिले होते. जानेवारी २०१३ ही तारीख कुठेच नाही. मी विचारलं, “हे का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “सायेब, बाप काय फकस्त माझाच मेला व्हय? त्यो काय अर्जात लिवायचा इषय हाय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लॅपटॉप उघडला.

मी जे लिहून दिलं ते दीड पान आहे. कंपनी कमांडर म्हणून मी कधीपासून कधीपर्यंत होतो. मृत्यूची खबर कुठल्या तारखेला आली. अर्ज कधी, शिफारस कधी, मंजुरी कधी. सुट्टीवर पाठवता का आलं नाही : खिंड बंद, उड्डाण नाही, पर्यायी रस्ता नाही. मार्चमध्ये पहाऱ्यावरून का काढला. नर्सिंग असिस्टंटला काय सांगितलं होतं. विशेषणं एकही नाही. त्याला बहुतेक वाटलं मी कंजुषी केली. फाईल परत बांधताना म्हणाला, “सायेब, ‘शूर’ एवढं तरी घाला की.” मी घातलं नाही. ‘शूर’ हा शब्द बोर्डाला खोडता येतो, खिंड बंद असल्याची तारीख खोडता येत नाही. माझ्या एका कोर्समेटने फोनवर सांगितलं, जपून, सुट्टी दिली नाही असं स्वतः लिहून देतोयस. मी म्हटलं, नियमातच शब्द आहेत सेवेची निकड. बर्फ कुणाच्या सहीने पडत नाही.

आता विम्याचं. त्याचा दुसरा प्रश्न तोच होता आणि बऱ्याच वाचकांचाही असतो. आपल्या ग्रुप इन्शुरन्समधलं अपंगत्वाचं पैसे देणं हे आजारपणामुळे मुदतीआधी बाहेर काढलेल्यांसाठी आहे. हा मुदत पुरी करून आला, त्यामुळे त्याला मॅच्युरिटीची रक्कम मिळाली, विषय संपला. औषधं ईसीएचएसमधून मिळतात, मानसोपचारही. त्यासाठी ‘नाना’ असला-नसला तरी फरक पडत नाही. हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं तो बाजारातून स्वतःच्या पैशाने गोळ्या घेत होता, कारण पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर गावचा माणूस बसतो.

दाजींनी दुकानातल्या सगळ्यांसाठी खासगी आरोग्य विमा काढायचं ठरवलं होतं. फॉर्ममध्ये प्रश्न : मानसिक आजार आहे का? दाजी म्हणाले, ‘नाही’ लिही. हे करू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, २९ मे २०१८ पासून लागू, सांगतो की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टासमोर एक प्रकरण आलं : पॉलिसी तीन लाख पंच्याण्णव हजारांची, पण मानसिक आजार म्हणून कंपनीने पन्नास हजारांवर हात आखडला. कोर्टाने ते चालू दिलं नाही. म्हणजे खरं सांगून हक्क मागता येतो. खोटं सांगितलं तर कंपनीला नाही म्हणायला आयतंच कारण मिळतं. आधीपासूनच्या आजाराला वाट बघायला लावतील, ती जास्तीत जास्त तीन वर्षं. हप्ताही वाढवतील. पण हे सगळं आरोग्य विम्याचं. आयुर्विमा म्हणजे टर्म प्लॅन ही वेगळी चीज आहे, त्याला हे कलम लागू नाही, आणि तिथे कंपन्या अजून नाही म्हणतात. दोन्हींची गल्लत करून लोक एजंटशी भांडत बसतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते आणि ती अधिकारी म्हणून लिहायला थोडी अवघड आहे. आमच्यात निवृत्तीआधी वर्षभर कोणता आजार कुठल्या रकान्यात बसतो, अपिलात काय लिहायचं, कुठला निकाल जोडायचा, हे मेसमध्ये चहाबरोबर कळतं. जवानाला ते सुटल्यावर पाच वर्षांनी कळतं, वकिलाची फी भरून. नियम दोघांना एकच आहेत. खिदिरपूर हाऊसच्या काळात निदान दोन शाळा उघड-उघड वेगळ्या होत्या.

माझ्या सध्याच्या युनिटमध्ये आता मी एवढं करतो : घरच्या मृत्यूसाठी सुट्टी मागितली आणि कुठल्याही कारणाने देता आली नाही, तर अर्जाची प्रत कारणासह त्या माणसाच्या हातात देतो आणि महिनाभराने डॉक्टरांकडे एक फेरी मारायला लावतो. सुभेदार मेजर साहेबांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. “साहेब, कागद हातात दिला तर उद्या कोर्टात दाखवेल.” मी म्हटलं, त्यासाठीच देतोय.

हवालदाराने मूळ अर्ज लष्करी न्यायाधिकरणात दाखल केला आहे. आता इथेच राहतो म्हणून मुंबईऐवजी कोलकाता पीठाकडे. माझं दीड पान सोबत जोडलंय. सरकारी बाजूने उत्तरासाठी वेळ मागितला आहे, तारीख पडली आहे. त्या नर्सिंग असिस्टंटचा पत्ता लागला. तो लातूरकडे असतो, त्यालाही काडतुसं मोजल्याचं आठवतं. गोळी रात्रीची असल्यामुळे सकाळी डोकं जड राहतं, म्हणून दाजींनी त्याला भट्टी पेटवायच्या कामातून सूट देऊन दहाला यायला सांगितलंय. दुकानातल्या पोरांना कारण सांगितलेलं नाही. पाठ दुखते असं सांगितलंय.